जपून ठेवायला नेलंय

‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’च्या शेवटी अमरीश पुरी लेकीचा घट्ट धरलेला हात सोडतो आणि ती धावत जाऊन सुटलेली गाडी पकडते, ते स्टेशन आमचं आपटा. पनवेलहून रोह्याकडे निघालात की रसायनीच्या पुढचं. चित्रपट १९९५ चा. तेव्हापासून आजतागायत आपट्यात कोणी हाती धरलेलं काही सोडल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

आणि पाहण्याची संधी मला भरपूर मिळाली. आमचे नाना गेले, कपाटातून मृत्युपत्र निघालं आणि त्यात ‘व्यवस्थापक म्हणजेच एक्झिक्युटर’ म्हणून माझं नाव निघालं.

नाना माझे चुलते. नोकरी सगळी मुंबईत, दादरला दोन खोल्यांचा ब्लॉक, निवृत्तीनंतर मुक्काम आपट्याच्या घरी. मूलबाळ नाही, काकू आधीच गेलेली. अशा माणसाला वारस कमी असतील असं ज्याला वाटतं त्यानं कोकणातलं घर पाहिलेलं नाही. नाना होते तोवर दिवाळीला त्यांच्याकडे फराळाचा डबा पोचवायचा कुणी यावर दरवर्षी टोलवाटोलवी व्हायची. दहाव्याला मात्र पाताळगंगेच्या घाटावर उभं राहायला जागा नव्हती. पुतणे होते, भाचे होते, आणि एका आतेभावाचा मेव्हणा होता. तो फक्त भेटायला आला होता आणि येताना गुंठ्याचा चालू भाव विचारून आला होता.

एवढ्या गोतावळ्यातून नानांनी मलाच का निवडलं? कुटुंबात अशी एक जमात असते. लग्नात सामानाच्या बॅगा मोजणारी, सगळ्यांची तिकिटं काढून पैसे मागायला लाजणारी, वॉशिंग मशीनच्या वॉरंटीचा कागद दहा वर्षं फायलीत ठेवणारी. या जमातीला लोक ‘विश्वासू’ म्हणतात आणि कामाला लावतात. कायद्यानंही एक्झिक्युटरसाठी फार अटी घातलेल्या नाहीत. तो अज्ञान नसावा आणि वेडा नसावा, तरच त्याला प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, मिळतं. वेडेपणाची चौकशी काम हाती घेताना होते, संपल्यावर करायची तरतूद नाही. नको असेल तर लेखी नकार देऊन मोकळं होता येतं, तसं कलमच आहे. पण हे कलम सांगणारा वकील भेटेपर्यंत आत्यानं पाठीवरून हात फिरवून ‘नानाचा तुझ्यावर फार जीव होता हो’ म्हटलेलं असतं. त्यावर कुठल्याच कायद्यात उतारा नाही.

माझ्यासाठी नानांनी आपलं मनगटी घड्याळ ठेवलं होतं. मेहनतान्याचा उल्लेख नव्हता. घड्याळ बंद होतं.

मृत्युपत्र पाहून दादानं, म्हणजे थोरल्या चुलतभावानं, पहिला आक्षेप घेतला. ‘‘याला स्टॅम्प कुठाय?’’ नानांनी रेघी फुलस्केपवर आपल्या तिरक्या अक्षरात चार पानं लिहून खाली सही केली होती आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या होत्या. कायद्याला एवढं पुरतं. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक असते. पण आमच्याकडे स्टॅम्पपेपरवर नसलेली गोष्ट खरी मानण्याची पद्धत नाही. ‘‘स्टॅम्प नाही, नोंदणी नाही, हे काय वाण्याच्या यादीसारखं!’’ असं म्हणत दादानं ते चारही पानं वाचलं. तिसऱ्या पानावर दादरचा ब्लॉक त्याला आणि ताईला निम्मा-निम्मा दिल्याचं निघालं. मग त्याचा सूर पालटला. ‘‘अक्षर मात्र नानांचंच आहे. मोत्यासारखं.’’

वकीलसाहेबांनी मला वाचायला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा दिला. तो इंग्रजांच्या अमदानीतला, पण माझी खात्री आहे की लिहिणारा कधीतरी आमच्या ओसरीवर तेरा दिवस बसून गेला असावा. कलम ३१६ पाहा. मयताचं क्रियाकर्म त्याच्या ऐपतीला साजेसं व्हावं म्हणून, पुरेशी मालमत्ता असेल तर, पैसे पुरवणं हे एक्झिक्युटरचं कर्तव्य आहे. ‘ऐपतीला साजेसं’ हे दोन शब्द तेराव्याच्या यादीवर काय करू शकतात हे त्या साहेबाला ठाऊक असणार. आत्याच्या मते नानांच्या ऐपतीला जिलबी आणि मठ्ठा साजत होता. दादाच्या मते सोबत श्रीखंडही साजत होतं, कारण ‘‘लोक मुंबईहून यायचेत.’’ नाना स्वतः मधुमेहामुळे शेवटची कित्येक वर्षं बिनसाखरेचा चहा पीत, हा मुद्दा मी मांडला. तो एकमतानं फेटाळला गेला.

पण त्या कायद्यातलं माझं लाडकं कलम ३०३. मयताच्या चीजवस्तूंत ज्यानं अधिकार नसताना हात घातला, म्हणजे वस्तू वापरली, वाटली, विकली किंवा मयताचं येणं परस्पर वसूल केलं, तो आपल्याच आगळिकीमुळे एक्झिक्युटर ठरतो आणि पुढच्याच कलमाप्रमाणे जेवढं हाती आलं तेवढ्याला जबाबदार होतो. या व्याख्येनं पाहिलं तर चौदाव्या दिवशी आपट्यात अशा स्वयंभू एक्झिक्युटरांची चांगली पंगत बसली असती. न्हाणीघरातलं तांब्याचं घंगाळ आत्याबरोबर पेणला गेलं होतं. देवघरातली चांदीची निरांजनं वहिनीच्या पर्समध्ये होती. आतेभावानं बागवानाकडून आंब्याची उचल परस्पर घेतली होती. शेजाऱ्यानं शिडी नेली होती, आणि तिचं म्हणाल तर ती मुळात त्याचीच होती असं तो म्हणत होता.

मी एकेकाला विचारलं. सगळ्यांचं उत्तर शब्दाशब्दानं सारखं. ‘‘जपून ठेवायला नेलंय.’’

मी ३०३ कलम काढून दाखवणार होतो, पण त्याच्याच खाली अपवाद निघाला. वस्तू सुरक्षित ठेवण्यासाठी किंवा अंत्यविधीसाठी हात लावला असेल तर त्याला ढवळाढवळ म्हणू नये! म्हणजे जे उत्तर आत्याला कुणी शिकवलं नव्हतं, ते कायद्यात शंभर वर्षं तयार होतं. बागवानाची उचल कशी काय जपून ठेवायला नेली, एवढंच आतेभावाला विचारायचं राहिलं होतं. ‘‘बँकेतच ठेवलीय,’’ तो म्हणाला. ‘‘माझ्या खात्यात. जपूनच आहे.’’

प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत सगळ्या मालमत्तेची यादी आणि वर्षाच्या आत हिशेब कोर्टात द्यायचा असतो. त्याआधी अर्जासोबतही येणं-देणं दाखवावं लागतं. पहिल्या शेड्यूलमध्ये मालमत्ता, दुसऱ्यात देणी. शेअर, ठेवी, ब्लॉक हे सोपं असतं, त्यांना नंबर असतात. घर मोजायला बसलात की कळतं माणूस किती साठवतो ते. माझ्या वहीतला एक भाग असा आहे: पितळी डबे झाकणासह ४, पितळी डबे झाकणाविना ३, झाकणं डब्याविना ५. फणस कापायची विळी १. छत्र्या ६, पैकी उघडणाऱ्या २. घड्याळाचे डबे ३, घड्याळ नाही. वालाचं बियाणं, राखेत घोळवून, मातीच्या मडक्यात. वकीलसाहेब म्हणाले, समोर बाजारभाव लिहा. झाकणाचा बाजारभाव काढणारा इसम मला पनवेलच्या बाजारात मिळाला नाही. शेवटी ‘घरगुती सामान, किरकोळ’ या सदराखाली नानांचा संसार एका ओळीत बसला.

यात मोती, म्हणजे नानांचा कुत्रा, कुठे लिहायचा हा प्रश्न होताच. पुढे रतन टाटांच्या मृत्युपत्राच्या बातम्या पेपरात आल्या तेव्हा तो नव्यानं उपटला. टाटा ९ ऑक्टोबर २०२४ ला गेले. त्यांनी चार एक्झिक्युटर नेमले होते आणि टिटो नावाच्या कुत्र्याच्या देखभालीची रीतसर तरतूद करून ठेवली होती. टाटा आम्हाला परके नाहीत. खोपोलीच्या त्यांच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यामुळेच आमची पाताळगंगा मे महिन्यातही वाहते. पण त्यांच्याकडे चार आणि इथे मी एकटा. ‘‘मोतीचं नानांनी काही लिहिलं नाही, हे बरं दिसत नाही,’’ ताई पुण्याहून फोनवर म्हणाली. मी म्हटलं, घेऊन जातेस? तिच्या सोसायटीत कुत्री चालत नाहीत असं निघालं. मोतीनं दरम्यान स्वतःच निर्णय घेऊन शेजारचं घर धरलं होतं. शिडीच्या मागोमाग.

आता मुख्य घोळ. नानांचं सगळं फक्त आपट्यात असतं तर मला कोर्टाचं तोंडही पाहावं लागलं नसतं. हिंदू माणसाच्या मृत्युपत्राला प्रोबेट सगळीकडे सक्तीचं नव्हतंच कधी. इंग्रजांनी १ सप्टेंबर १८७० पासूनच्या मृत्युपत्रांसाठी एक नकाशा धरला होता. बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरचा मुलूख, आणि मुंबई-मद्रास हायकोर्टांच्या मूळ दिवाणी अधिकाराची हद्द. या हद्दीत मृत्युपत्र केलं असेल किंवा त्यातलं घरदार या हद्दीत असेल, तर कलम २१३ प्रमाणे प्रोबेट घेतल्याखेरीज एक्झिक्युटरला हक्क सांगता येत नसे. आपटा रायगड जिल्ह्यात, म्हणजे हद्दीबाहेर. दादर हद्दीत. नदीकाठच्या घराला, वाडीला, भाताच्या खाचरांना नानांचा नुसता शब्द पुरला असता. दादरच्या दोन खोल्यांना मात्र हायकोर्टाचा शिक्का हवा होता. नाना आपट्याच्या ओसरीवर बसून तिसऱ्या पानावर तो ब्लॉक लिहीत होते, तेव्हा त्यांनी मला फोर्टात पाठवायची सोय केली होती. त्यांना याची कल्पना नव्हती असं सगळे म्हणतात. मला नानांचा स्वभाव माहीत आहे.

प्रोबेटला लागणारी सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे साक्षीदार. नानांनी ज्यांच्यासमोर सही केली त्यांतल्या एकाचं तरी प्रतिज्ञापत्र लागतं. नानांनी साक्षीला आपले दोन मित्र घेतले होते. मृत्युपत्र करणारे सगळेच असं करतात. पंच्याहत्तरीच्या माणसाला आपल्या मरणाची व्यवस्था करताना साक्षीला अठ्ठ्याहत्तरीचा मित्र आठवतो. एक मित्र नानांच्याही आधी गेले. उरले मास्तर.

मास्तर म्हणजे गावातले निवृत्त शिक्षक. त्यांची प्रकृती हा नानांच्या इस्टेटीतला सगळ्यांत मौल्यवान आणि शेड्यूलमध्ये न दाखवलेला भाग होता. मास्तर खोकले की माझा घास अडायचा. पावसाळ्यात ते नदीवर फिरायला जातात हे कळल्यावर मी त्यांना भेटून शेवाळाबद्दल चार शब्द सांगितले. त्यांनाही आपली किंमत कळली होती. ‘‘यंदा गुडघा फार धरतोय रे,’’ असं ते माझ्याकडे पाहत म्हणत आणि चहा यायची वाट बघत. 

वकीलसाहेब त्यांचा जबाब लिहून घ्यायला बसले. ‘‘सही तुमचीच?’’ ‘‘माझीच.’’ ‘‘नानांनी तुमच्यासमोर सही केली?’’ ‘‘केली. पण आत काय लिहिलंय ते मी वाचलं नाही, त्यांनी हात ठेवला होता.’’ वकीलसाहेब म्हणाले, साक्षीदाराला आतला मजकूर माहीत असावा लागत नाही, सही पाहिली एवढं पुरे. मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. ‘‘सही करताना ते पूर्ण शुद्धीवर होते?’’

‘‘ते होते,’’ मास्तर म्हणाले. ‘‘मी नव्हतो. मला त्या दिवशी ताप होता.’’

वकीलसाहेबांनी पेन खाली ठेवलं. बऱ्याच विचारपुशीनंतर ताप नव्व्याण्णव होता असं ठरलं आणि पेन पुन्हा उचललं गेलं. 

अस्सल मृत्युपत्र कोर्टात जमा करावं लागतं. म्हणजे ते आपट्याहून मुंबईला न्यायचं आलं. मला या वेळी आल्फ्रेड नोबेलच्या एक्झिक्युटरची फार आठवण आली. नोबेलनं १८९५ मध्ये पॅरिसला वकिलाशिवाय, स्वतःच्या हातानं मृत्युपत्र लिहिलं, अगदी नानांसारखं. पुढच्या वर्षी डिसेंबरात तो गेला आणि राग्नार सोल्मान नावाच्या सव्वीस वर्षांच्या त्याच्या मदतनिसाला कळलं की आपण एक्झिक्युटर आहोत. नोबेलच्या नातेवाइकांना ही पारितोषिकांची कल्पना अजिबात पसंत नव्हती. फ्रान्समध्ये अडचण येईल म्हणून या सोल्माननं पॅरिसच्या बँकेतून रोखे काढले, घोडागाडीत घातले आणि स्वतः भरलेलं रिव्हॉल्व्हर घेऊन त्यांच्याशेजारी बसला. पहिली पारितोषिकं द्यायला १९०१ उजाडलं.

सोल्मानला घोडागाडी होती. मी दिवा गाडीनं निघालो, मग लोकल बदलत गेलो. मृत्युपत्र प्लॅस्टिकच्या फोल्डरात, फोल्डर कापडी पिशवीत, पिशवी पोटाशी. बरोबर छत्री होती, नानांची, उघडणाऱ्या दोहोंपैकी एक. गर्दीत एका बाईंनी ‘‘पिशवी वर ठेवा ना, जागा होईल’’ असं सुचवलं तेव्हा मी ज्या नजरेनं त्यांच्याकडे पाहिलं, ती नजर सोल्माननं पॅरिसमध्ये वापरली असणार. त्या पुढच्या स्टेशनला दुसऱ्या दारानं उतरल्या.

कोर्टात माझं काम कुणी अडवलं असं मी म्हणणार नाही. कागदच एकमेकांना अडवतात. नाना दाखल्यावर पूर्ण नावानं होते, शेअरवर आडनाव आधी होतं, आणि ब्लॉकच्या करारात ‘नाना’ हेच नाव लिहून पुढे कंस केला होता. मग ही सगळी नावं एकाच इसमाची आहेत असं प्रतिज्ञापत्र. प्रत्येक वारसाला सायटेशन, म्हणजे ‘काही हरकत असेल तर या’ अशी नोटीस. हरकत नसेल तर त्यानं नोटरीपुढे संमती द्यायची. आमच्या घरात कुणाची कशाला संमती आहे असं गेल्या तीन पिढ्यांत घडलेलं नव्हतं, त्यामुळे हा प्रकार सगळ्यांनाच नवा होता. लोक संमती देत, पण सोबत एक वाक्य जोडत. ‘‘सही करतोय, पण त्या घंगाळाचं लक्षात ठेव.’’

कुणी कॅव्हेट टाकून आडवं गेलं की अर्जाचा दावा होतो. मग पुरावे, उलटतपास, सगळं आलं. बाळासाहेब ठाकरे १७ नोव्हेंबर २०१२ ला गेले, त्यांच्या मृत्युपत्राला चिरंजीव जयदेव यांनी हायकोर्टात घेतलेली हरकत २०१८ च्या नोव्हेंबरात मागे घेतली गेली. सहा वर्षं. हे उदाहरण मी दादाला सांगितलं, तेव्हा तो बराच वेळ बोटं मोजत होता आणि मग संमती देऊन मोकळा झाला. त्याला वाटत होतं कोर्ट ब्लॉक कुणाचा ते ठरवणार. प्रोबेटच्या कोर्टापुढे तो प्रश्नच नसतो. कागद खरा की खोटा, शुद्धीत केला की नाही, एवढंच पाहतात. नानांनी ताजमहाल भाच्याला लिहून दिला असता तरी प्रोबेट मिळालं असतं. ताबा घेताना भाच्यानं आपलं बघून घ्यायचं. कोर्ट फीला महाराष्ट्रात ७५ हजारांची कमाल मर्यादा आहे, हेच त्यातल्या त्यात सुख. इतर खर्चांना मर्यादा घालणारं कलम मला सापडलं नाही.

एक गैरसमज मात्र सगळ्यांचा सारखा होता. नानांच्या एका ठेवीवर आतेभावाचं नाव नॉमिनी म्हणून होतं. त्याच्या मते प्रकरण तिथेच संपलं होतं. ‘‘नाव माझं, पैसे माझे. यात मृत्युपत्र कुठे आलं?’’ सुप्रीम कोर्ट १९८३ पासून सांगत आलंय की नॉमिनी म्हणजे पैसे स्वीकारणारा हात, मालक नव्हे. शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीत हाच वाद ‘कालनिर्णय’कार जयंत साळगांवकर यांच्या इस्टेटीवरून कोर्टात गेला होता. तो निकाल १४ डिसेंबर २०२३ ला लागला, नॉमिनी तिथेही विश्वस्तच ठरला. मी आतेभावाला हे समजावून सांगितलं. साऱ्या महाराष्ट्राला तिथी-वार सांगणाऱ्या घरातही नॉमिनीला हेच ऐकावं लागलं, म्हटल्यावर त्याला जरा धीर आला. पैसे त्यानं आणून दिले. ‘‘जपूनच ठेवले होते,’’ म्हणाला.

देणी फेडायचा क्रम कायद्यानं लावून दिलाय, आणि तो वाचून मला त्या लिहिणाऱ्याबद्दल पुन्हा आदर वाटला. आधी अंत्यविधी, डॉक्टरची फी, शेवटच्या महिन्याचा राहण्या-जेवण्याचा खर्च. मग प्रोबेटचा खर्च. मग शेवटच्या तीन महिन्यांतली मजुराची, कारागिराची, घरकाम करणाऱ्याची मजुरी. बाकी सावकार त्यानंतर. आणि पुतणे, भाचे, आत्या हे सगळ्यांच्या शेवटी, उरलं तर. म्हणजे नानांची पोळीभाजी करणाऱ्या मावशी कायद्यानं आम्हा सगळ्यांच्या पुढे होत्या.

मी त्यांच्याकडे गेलो आणि किती बाकी आहे विचारलं. त्यांनी चूल फुंकता फुंकताच हिशेब केला. ‘‘मागल्या म्हैन्याचं नानांनी दिलं. या म्हैन्याचे अकरा दिवस. सणाचे दोन खाडे धरा, मग नऊ.’’ मी म्हटलं, खाडे राहू द्या. ‘‘का म्हनून? आले नव्हते ते आले नव्हते.’’ पैसे घेतल्यावर त्या आत गेल्या आणि फडक्यात गुंडाळलेला थर्मास घेऊन आल्या. नानांना हॉस्पिटलात पेज नेली होती तो. ‘‘धुऊन ठिवलाय. तुमच्या यादीत हाय का बघा.’’

नव्हता. साऱ्या व्यवहारात घरातून गेलेली आणि मागितल्याशिवाय परत आलेली वस्तू ती एवढीच. मी थर्मास ओसरीवर आणून ठेवला. आत्या आलेली होती. तिनं तो उचलून खालून वर बघितला. ‘‘अगं बाई, हा तर माझा. मी नानाला दिला होता.’’ 

संध्याकाळच्या गाडीनं थर्मास पेणला गेला. घंगाळाच्या सोबतीला.

एक्झिक्युटरच्या बाजूनं कायद्यात एकच ढाल आहे, कलम ३३७. मृत्यूपासून वर्ष उलटेपर्यंत कुणाला त्याचा वाटा देण्याची सक्ती करता येत नाही. मी हे कलम मोठ्या अक्षरात लिहून पाकिटात ठेवलं होतं. नातेवाइकांनी त्याचा सोपा अर्थ लावला. वर्षश्राद्धाला हजेरी तेराव्यापेक्षा जास्त होती. भटजींचा आशीर्वाद संपायच्या आत तिघांनी मला बाजूला घेतलं. त्यांना सांगावं लागलं की वर्ष झालं की सक्ती सुरू होते खरी, पण देण्यासाठी आधी हातात काही यावं लागतं, आणि ब्लॉकची किल्ली अजून फोर्टातल्या एका फायलीवर अवलंबून आहे. त्या दिवशी जिलबी कुणी दुसऱ्यांदा घेतली नाही.

आपट्याच्या जमिनीला प्रोबेट नको, म्हणून मी निश्चिंत होतो. तिथे सातबारा आडवा आला. नानांनी लिहिलं होतं, ‘नदीकडली माझी जमीन धाकट्या भाच्याला देत आहे.’ उताऱ्यावर नाना होते खरे, पण एका लांबलचक रांगेत. पहिलं नाव चुलत आजोबांचं, पुढे ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. ते वारून माझ्या वयाइतकी वर्षं झाली होती, कारभार मात्र चालू होता. माणसाला मृत्युपत्रानं फक्त आपला हिस्सा देता येतो. भाच्याच्या हिश्श्याचा अपूर्णांक काढला तर छेद तीन आकडी आला. खुंट्या मारून पाहिलं असतं तर त्याच्या वाट्याला बांधावरच्या आंब्याची सावली आली असती, खोड नाही.

तलाठी आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी झाले आहेत, हाक अजून ‘भाऊसाहेब’ अशीच आहे. भाऊसाहेबांनी फेरफाराला नोंद घेतली, सगळ्या हितसंबंधितांना नोटिसा काढल्या, हरकतीला पंधरा दिवस. तोवर नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं होतं, ८ ऑक्टोबर २०२५ ला, आणि पनवेल तालुक्यातल्या प्रत्येक बांधाला पंख फुटले होते. ज्यांनी आपटा नकाशात पाहिलं नव्हतं अशा चुलत घराण्यांकडून हरकती आल्या. एका हरकतदाराला मी विचारलं, जमीन कुठे आहे माहीत आहे का? ‘‘विमानतळापासून किती अंतर ते माहीत आहे,’’ तो म्हणाला.

प्रोबेट अखेर आलं. हायकोर्टाची मोहोर, मागे नानांच्या तिरक्या अक्षराची प्रत जोडलेली. मी त्याच्या झेरॉक्स काढल्या, दादाला आणि ताईला दिल्या, आणि आता हिशेब लिहून मोकळं व्हायचं ठरवलं.

त्यानंतर काही दिवसांनी, डिसेंबर २०२५ मध्ये, संसदेनं जुनाट कायदे मोडीत काढणारा एक कायदा केला आणि त्यात उत्तराधिकार कायद्यातलं कलम २१३ काढून टाकलं. प्रोबेटची सक्ती गेली. ज्याला हवं त्यानं घ्यावं.

पहिला फोन दादाचा. ‘‘पेपर वाचलास? लागतच नाही म्हणे. मग एवढा खर्च कशाला करून बसलास?’’ दुसरा आतेभावाचा, त्याच मुद्द्यावर, फक्त आकडा जास्त धरून. आत्याचा फोन आला तो सांत्वनाचा होता. ‘‘असू दे हो. नानाला आनंद झाला असेल.’’ दादरच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना मी सहज विचारलं, तुम्ही आता प्रोबेटशिवाय नाव लावाल का? त्यांनी चष्मा पुसला. ‘‘कायदा कायद्याच्या जागी आहे. पण कमिटीचं म्हणणं, असलेलं बरं.’’ माझ्या हातातली झेरॉक्स त्यांनी ताबडतोब फायलीला लावून टाकली.

मास्तरांना कळवायला गेलो, म्हटलं, आता तुमचं काम संपलं, निर्धास्त खोका. ते जरा खट्टू झाले. चहा मात्र त्यांनीच केला.

आता हिशेबात शेवटचं एकच कलम उरलं होतं, आपट्याच्या घराचा विजेचा मीटर. तो नानांच्या नावावरून भाच्याच्या नावे करायचा म्हणून मी बिल काढून पाहिलं. बिलावर नानांचं नावच नव्हतं. होतं आजोबांचं. घरात वीज आली तेव्हा अर्ज त्यांनी केला होता, पुढे ते वारले आणि नाव बदलायला कुणी गेलं नाही. वडील गेले नाहीत, नानाही गेले नाहीत. मी चौकशी केली तर मला आजोबांचा मृत्यूचा दाखला, त्यांच्या सगळ्या वारसांची यादी आणि प्रत्येकाचं ना-हरकतपत्र आणायला सांगितलं. त्यांनी मृत्युपत्र केलं होतं का, हेही विचारलं.

बिल मी मोबाइलवरून भरलं. पावती लगेच आली. ग्राहक आजोबा, थकबाकी शून्य, आणि वेळेत भरल्याबद्दल दहा रुपये सूट.